कल्याणहून कान्हेरीला

शंकेखोर : मुंबई पाहायची ती लोकलने आणि बसने, असा जो उपदेश तुम्ही परगावच्या पाहुण्यांना आणि अलीकडे दस्तुरखुद्द मुंबईकरांनाही करीत असता, त्यात मला अगदी मुळाशीच गफलत दिसते. जी व्यवस्था माणसांना सकाळी कामावर नेऊन सोडण्यासाठी आणि रात्री घरी आणून टाकण्यासाठी वाढत गेली, तिच्याकडून तुम्ही प्रेक्षणीय स्थळांच्या दर्शनाची अपेक्षा करता. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी निघाली तेव्हा तिच्या चौदा डब्यांत बसलेले चारशे निमंत्रित केवळ हौसेखातर निघाले होते, हे मी मान्य करतो. पण सगळेच उतारू हौशी असल्याचा तो पहिला आणि बहुधा शेवटचा दिवस असावा. रूळ टाकणाऱ्यांचे लक्ष घाटापलीकडच्या कापसावर होते आणि त्या कापसाला बंदराची ओढ होती. आज त्या मार्गांवरून रोज ७० लाखांच्या आसपास माणसे ये-जा करतात, आणि दरवर्षी दोन हजारांच्या वर माणसे त्याच रुळांवर प्राण गमावतात. अशा गाडीत, दारातली दांडी एका हाताने धरून पोटासाठी लोंबकळणाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून, ‘आम्ही जरा लेणी पाहायला निघालो आहोत’ असे सांगणाऱ्याला थोडी तरी शरम वाटावयास हवी की नको?

हौशी : शरम वाटण्याचे कारण नाही, कारण तुमच्या त्या दारातल्या माणसाची आणि माझी सहसा गाठच पडत नाही. तो सकाळी दक्षिणेकडे, चर्चगेटला किंवा बोरीबंदरला जातो. मला पाहायच्या आहेत त्या वस्तू बहुतांशी उत्तरेला आणि ईशान्येला पसरलेल्या आहेत. बोरिवलीजवळची कान्हेरी, वसईचा किल्ला, नालासोपाऱ्याचा स्तूप, अंबरनाथचे शिवालय, ही सारी त्याच्या उलट दिशेला. त्याला उतरवून जी गाडी परत फिरते तिच्यात मी बसतो, आणि मी बसलो नाही तरी ते बाक तितक्याच खर्चाने विरारपर्यंत धावणार असते. तेव्हा मी कुणाची जागा अडवतो हा आरोप तपशिलात टिकत नाही. माझा खरा मुद्दा याहून वेगळा आहे. मुंबईची जी प्रेक्षणीय स्थळे म्हणून यादी सांगितली जाते, ती मुळी बग्गीतून संध्याकाळी हवा खायला निघणाऱ्या साहेबाच्या रस्त्याची यादी आहे. गेटवे, म्यूझियम, चौपाटी, मलबार टेकडीवरचा बगिचा, आणि तेथून परत. ही दीड-दोन तासांची रपेट म्हणजे मुंबई, अशी आपली समजूत टॅक्सीने आणि सहलीच्या मोटारीने जशीच्या तशी पुढे चालविली. लोकलचा नकाशा हातात घेतला की ही समजूत कोलमडते, कारण त्या नकाशाला गेटवे ठाऊकच नाही; त्याला सोपारे ठाऊक आहे, कल्याण ठाऊक आहे, ठाणे ठाऊक आहे, आणि ही तिन्ही नावे मुंबई हे नाव कुणी घेत नव्हते तेव्हा देशोदेशीच्या गलबतांना परिचित होती.

शंकेखोर : कचेऱ्या आता अंधेरीला आणि वांद्रे-कुर्ल्याला गेल्या आहेत, त्यामुळे उलट दिशेचे तुमचे ते रिकामे बाक पूर्वीइतके रिकामे राहिलेले नाही, एवढे नमूद करून मी पुढे जातो. नाव ठाऊक असणे आणि स्थळ दाखविणे यांत फार अंतर आहे. नालासोपाऱ्याला उतरलेल्या माणसाला स्थानकाबाहेर रिक्षांचा गराडा आणि इमारतींची गर्दी दिसेल. बुरूड राजाचा कोट म्हणून लोक ज्याला ओळखतात तो स्तूप त्याला विचारीत विचारीतच गाठावा लागेल. रेल्वेने दाखविलेली मुंबई ही ठिपक्यांची मुंबई असते, आणि दोन ठिपक्यांच्या मधे घरांच्या पाठी, वाळत घातलेले कपडे, गटारे आणि कुंपणाच्या भिंती असतात. याहून मोठा पुरावा हवा असेल तर बोरीबंदरचीच इमारत घ्या. फ्रेडरिक स्टीव्हन्सने उभारलेली ती वास्तू १८८८ मध्ये पुरी झाली, २००४ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदली गेली, आणि रोज लाखो माणसे तिच्यातून आतबाहेर करतात. त्यांपैकी किती जणांनी मान वर करून घुमटाखालची कोरीव पाने-फुले, खारी, मोर, माकडे पाहिली असतील? तिथून जाणे म्हणजे ते पाहणे असते, तर ते लाखो लोक वास्तुकलेचे मर्मज्ञ झाले असते. खरे असे आहे की रोजच्या जाण्यानेच ती इमारत त्यांना दिसेनाशी झाली आहे.

हौशी : दिसेनाशी झाली, कारण ती त्यांच्या वाटेत आहे, वाट वाकडी करून जे पाहावे लागते ते सहसा दिसेनासे होत नाही. घरांच्या पाठी दिसतात ही तक्रार मात्र मला तक्रारच वाटत नाही. शहराने पुढच्या दाराला रंग दिलेला असतो. मागच्या बाजूला ते कसे राहते हे पाहण्याची मुभा टॅक्सीतल्या माणसाला नसते, ती शिवडीहून वडाळ्याकडे जाणाऱ्या हार्बरच्या गाडीत असते, आणि १९३७ पासून रस्त्यावर आलेल्या दुमजली बसच्या वरच्या मजल्यावर, अगदी पुढच्या बाकावर, फार चांगल्या तऱ्हेने होती. जुन्या उघड्या खिडक्यांच्या त्या गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये शेवटच्या धावल्या. विजेवरच्या नव्या दुमजली गाड्या नीटनेटक्या आहेत, पण त्यांच्या बंद काचेतून काळबादेवीचा वास आणि आवाज आत येत नाही, ही माझी खासगी कुरकुर. ती वादात जमेस धरू नका.

परंतु सोपाऱ्याचे तुम्ही काढलेच आहे तर तेच उदाहरण पुरते पाहू. १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजी यांनी तो स्तूप उकरला तेव्हा आतून निघालेला करंडक आणि बुद्धमूर्ती आज फोर्टात, टाउन हॉलमध्ये, एशियाटिक सोसायटीच्या ताब्यात आहेत. तिथेच सापडलेला अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा म्यूझियममध्ये आहे. म्हणजे पोकळ स्तूप पश्चिम रेल्वेच्या जवळजवळ एका टोकाला आणि त्याच्या पोटातली वस्तू दुसऱ्या टोकाला. घारापुरीचे पाहा. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटले, तो हत्ती बेटावर नाहीच. १८६४ मध्ये तो विलायतेला न्यावा म्हणून उचलताना साखळी तुटली, तुकडे झाले, आणि जोडून उभा केलेला तो हत्ती आता भायखळ्याला, राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या अंगणात आहे. ज्या काळ्या घोड्याने फोर्टातल्या एका सबंध भागाला नाव दिले तो घोडाही १९६५ मध्ये त्याच बागेत आला. गेटवेला होडीत बसून तासाभराने घारापुरीला जाणाऱ्याला हत्ती दिसत नाही. भायखळ्याला स्लो गाडीने उतरणाऱ्याला दिसतो. मुंबईतल्या पाहण्याजोग्या वस्तू आपापल्या जागेवरून हललेल्या आहेत. त्यांची जोडणी मनात करावयाची तर दोन्ही टोके एका दिवसात गाठणारे आणि कारकुनाच्या खिशाला परवडणारे असे एकच साधन या शहरात आहे.

शंकेखोर : हत्तीचा दाखला मार्मिक आहे, आणि बुधवारी ती बाग बंद असते हे माहीत नसलेला माणूस कसा हिरमुसून परत येतो हेही मी पाहिले आहे. पण जोडणीची भाषा तुम्ही केलीत म्हणून मी तुम्हांला तुमच्याच आवडत्या ठिकाणी घेऊन जातो. कान्हेरीच्या लेण्यांत ज्यांनी दाने दिली त्यांची गावे तिथल्या ब्राह्मी लेखांत कोरलेली आहेत. सोपारे आहे, चौल आहे, आणि कल्याण तर वारंवार आहे. कल्याणच्या एका सोनाराने तिथे पाण्याचे टाके खोदविल्याची नोंद आहे. तो सोनार कल्याणहून कान्हेरीला गेला असेल तेव्हा खाडीने किंवा डोंगराच्या कडेने, कसाही गेला असला तरी, पश्चिमेकडे तोंड करून सरळ गेला असेल, कारण ते अंतर सरळ रेषेत २५ किलोमीटरांच्या आतच आहे. आज कल्याणच्या माणसाने तुमचा उपदेश मानला तर काय होईल? तो आधी दक्षिणेकडे दादरपर्यंत जाईल, तिथला तो पूल चढेल-उतरेल, आणि पुन्हा उत्तरेकडे तोंड करून बोरिवली गाठील. म्हणजे २५ किलोमीटरांसाठी सुमारे ७० किलोमीटर. या दोन गावांचा परस्परांशी संबंध होता ही गोष्टच तुमच्या नकाशाने पुसून टाकली आहे. बगिच्याला जाणाऱ्या साहेबाच्या बग्गीवर तुम्ही इतके रुष्ट झालात, पण लोकलचा नकाशाही त्याच साहेबाचा आहे. त्यातल्या सगळ्या रेषा फोर्टाकडे धावतात, कारण फोर्टात बंदर होते, बँका होत्या आणि सरकार होते. जो प्रवासी या रेषांवरून शहर पाहतो, तो फोर्टाच्या नजरेने शहर पाहतो, आणि आपण स्वतंत्र बुद्धीने हिंडतो आहो असे त्याला वाटत राहते, ही त्यातली विशेष खेदाची बाब.

हौशी : हा आक्षेप मात्र मला लागला. तरी त्याचे सर्व अंग खरे नाही. २०१४ पासून घाटकोपर आणि वर्सोवा यांच्यात मेट्रो आडवी धावते. कल्याणचा माणूस घाटकोपरला उतरून तिने अंधेरीला आणि तिथून बोरिवलीला गेला तर दादरची फेरी वाचते. ठाण्याला उतरणाऱ्याला घोडबंदरच्या रस्त्याने बोरिवलीची बस मिळते. आणि तुमच्या सोनाराच्या वाटेच्या अगदी जवळून जाणारी एक रेल्वे आहेच, तिच्याकडे मुंबईकराचे लक्ष नाही इतकेच. दिव्याहून कोपर, भिवंडी, कामण अशी खाडीच्या वरच्या मुलखातून ती वसईला जाते. कल्याण आणि सोपारे या दोन प्राचीन बंदरांचे प्रदेश जोडणारी ती रेषा फोर्टाला भीक घालीत नाही. भातखाचरे, मिठागरे, मधेच गोदामांच्या रांगा, आणि खाडीचे पाणी; त्या गाडीतून मी गेलो आहे आणि साऱ्या महानगरात तिच्याइतकी शिकविणारी गाडी मला ठाऊक नाही.

शंकेखोर : आणि ती दिवसातून किती वेळा असते?

हौशी : मोजक्याच वेळा. एक चुकली की पुढचीची वाट पाहण्यात दिवस जातो. तिच्यावर मालगाड्यांचा हक्क पहिला.

शंकेखोर : म्हणजे जी रेषा तुमच्या मताला आधार देते तिच्यावर गाड्या नाहीत, आणि जिच्यावर दर तीन-चार मिनिटांना गाडी आहे ती माझ्या मताला आधार देते. घोडबंदरच्या रस्त्यावर बस कोणत्या गतीने सरकते हे ठाण्याच्या कुणालाही विचारा. ठाण्याहून बोरिवलीला सरळ जायची वाट खोदली जाते आहे हेही तुम्हांला माहीत असेल. राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून, म्हणजे कान्हेरीच्याच मुलखाखालून, सुमारे १२ किलोमीटरांचा जोडबोगद्याचा रस्ता व्हायचा आहे. शतकांनंतर त्या सोनाराची सरळ वाट पुन्हा मिळते आहे असे म्हणावे, तर तिच्यात रूळ नाहीत. ती मोटारींसाठी आहे. मग पाहुण्याला लोकलने हिंड म्हणून सांगणे आणि त्याच वेळी सरकारने सरळ वाट मोटारवाल्याला देणे, या दोहोंत मला तरी संगती दिसत नाही. तुमची हौस ही वाट न मिळालेल्या माणसाच्या वाट्याला आलेली हौस आहे, आणि तिला तुम्ही तत्त्वाचे रूप देता.

हौशी : तत्त्वाचे रूप मी देतो हे कबूल, ते देण्यासारखे काही तिच्यात आहे का, हे मात्र पाहिले पाहिजे. कल्याणच्या एखाद्या माणसाजवळ बोरीबंदरपर्यंतचा मासिक पास आहे असे समजा. त्या पासाने तो आठवड्याचे सहा दिवस कामावर जातो. पण पास सातव्या दिवशीही चालतो. रविवारी तो मुलांना घेऊन ठाण्याला तलावाकाठी, भायखळ्याला हत्तीपाशी, बोरीबंदरला उतरून म्यूझियमपर्यंत चालत गेला, तर त्याच्या स्वतःच्या भाड्याचा एक पैसाही जास्त होत नाही. सहली काढणाऱ्या कोणत्याही कंपनीने इतक्या स्वस्तात इतके शहर आजवर कुणाला देऊ केलेले नाही. आता त्याची दुसरी बाजू. हा पास त्याला चोपन्न किलोमीटरांची एक पट्टी देतो, आणि तीस वर्षे नोकरी केल्यावर तीच पट्टी म्हणजे मुंबई असे त्याला मनोमन वाटू लागते. कल्याणचा माणूस गोरेगाव पाहत नाही, बोरिवलीचा माणूस अंबरनाथला जात नाही. १०६० सालचे शिलाहारांचे शिवालय स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे हे सांगितले तर त्याला ते परमुलखातले वाटते. मी जो उपदेश करतो तो पासाच्या पट्टीबाहेर एकदा पाय टाकण्याचा आहे. परगावच्या पाहुण्याला तो सांगणे सोपे, कारण त्याच्याजवळ पासच नसतो. एक, तीन किंवा पाच दिवस सगळ्या मार्गांवर हिंडू देणारे पर्यटक तिकीट रेल्वे देतेच. पण ते तिकीट आपल्यासाठीही आहे असे डोंबिवलीच्या माणसाच्या मनात येत नाही, आणि माझा सारा खटाटोप त्याच्यासाठी आहे.

शंकेखोर : त्याच्यासाठी आहे तर त्याच्या रविवारचीही थोडी चौकशी करा. त्याला सवड असते त्याच दिवशी रेल्वेला आपल्या रुळांची डागडुजी आठवते. मेगाब्लॉक म्हणून वर्तमानपत्रात शनिवारीच हुकूम निघतो, अमुक स्थानकांदरम्यान जलद गाड्या बंद, हार्बर दुपारी तहकूब. मुले, डबे, पाण्याच्या बाटल्या, एखादी म्हातारी आत्या अशी मंडळी फलाटावर ताटकळतात आणि जी एक गाडी येते तिच्यात दोन गाड्यांची गर्दी असते. पूल चढून आत्याचे गुडघे दुखले म्हणजे शिलाहारांच्या शिल्पाचे कौतुक कुणाला सुचावे? पुलाचे नाव निघाले म्हणून सांगतो. सप्टेंबर २०१७ मध्ये एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन तेवीस माणसे गेली, त्याचा विसर मला अशा सहलींच्या वेळी पडत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरात आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झालेली भुयारी मेट्रो या दृष्टीने मला कितीतरी माणुसकीची वाटते. सरकते जिने आहेत, थंड हवा आहे, आत्या बसू शकते, आणि गिरगावला किंवा हुतात्मा चौकाला थेट वर येता येते. तुमच्यासारख्या रसिकांना ती आवडत नाही, कारण तिला खिडकीबाहेर देखावा नाही!

हौशी : आवडत नाही असे नाही, पण तिने मला पेचात टाकले आहे. तिच्यातून जाणारा माणूस वरळी, दादर, माहीम, धारावी यांच्या खालून जातो आणि त्यांच्यातले अंतर त्याला केवळ मिनिटांत कळते. ठिपक्यांची मुंबई असे तुम्ही लोकलला म्हणालात. तो आरोप खरा लागू पडतो तो हिला. आणि तरीही तुमच्या आत्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. ज्याचे गुडघे शाबूत आहेत त्यानेच देखाव्याची महती सांगावी, हा काही न्याय नव्हे. रविवारच्या ब्लॉकविषयी मात्र मला रेल्वेची बाजू घ्यावी लागते. डागडुजी कोणत्या तरी दिवशी करावयाचीच; सोमवारी केली तर लाखोंचे रोज बुडतील, रविवारी केली तर काही हजारांची सहल बुडते. हा हिशेब चुकीचा आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

शंकेखोर : हिशेब चुकीचा नाही, तो अपुरा आहे, आणि आता मी तुमच्याच बाजूने बोलतो आहे हे ध्यानात घ्या. ती सहल काही हजारांची आहे की काही लाखांची, हे मोजले कसे जाणार? तुमचा कल्याणचा माणूस रविवारी पासावर गेला तर तिकीट फाडले जात नाही, आणि फाडले गेलेच तरी तिकिटावर कुठून कुठे एवढेच असते, कशासाठी ते नसते. रेल्वेच्या दप्तरात कामाला गेलेला आणि हत्ती पाहायला गेलेला ही दोन्ही माणसे सारखीच. ज्याची नोंद नाही त्याची गरज नाही, अशी सरकारी वहिवाट असल्यामुळे हौसेचा प्रवास नेहमी उरल्यासुरल्या बाकांवर, उरल्यासुरल्या वेळी व्हायचा. माझी मूळ तक्रार ही होती की हौशी माणूस कामकऱ्याच्या गाडीत उपरा असतो. आता मला असे दिसते की ते दोघे बहुधा एकच असतात, आणि रविवारी तो स्वतःच्याच गाडीत उपरा होतो. पण म्हणूनच तुमच्या उपदेशाने माझे समाधान होत नाही. ‘लोकलने मुंबई पाहा’ असे त्याला सांगण्यापेक्षा ‘मुंबई दिसेल अशी गाडी मागा’ असे का सांगत नाही?

हौशी : जी वाट त्याने कधी पाहिली नाही तिच्यावर गाडी मागण्याचे त्याला सुचणार कसे? आधी एकदा त्या दिवा-वसईच्या गाडीत तो बसला पाहिजे, मग मागणी. तरीही तुमचे मानतो. रविवारी त्या मार्गावर चार गाड्या वाढवाव्यात असा अर्ज मी लिहितो. सही कराल?

शंकेखोर : करीन. पण कारण काय लिहाल, नोकरी की लेणी?

हौशी : लेणी. नोकरी लिहिले तर गाडी सकाळी आठची मिळेल, आणि रविवारी ती रद्द.

शंकेखोर : मग माझी सही फारशी उपयोगाची नाही. भिवंडीहून रोज त्या गाडीने कामाला जाणाऱ्याची मिळते का पाहा. तो सकाळी आठचीच मागेल.

हौशी : मागेलच. आणि एका अर्जात दोन्ही मागितल्या तर?

शंकेखोर : तर पहिली कोणती द्यायची हे ठरविणारे तिसरेच कुणी असेल. त्या माणसाला तुम्ही कान्हेरीला नेले आहे का?